खिडकी, काच आणि वीज

घराला खिडकी कशासाठी असते, असे कोणास विचारले तर उजेडासाठी आणि वाऱ्यासाठी, असेच उत्तर मिळेल. हे उत्तर बरोबर आहे, परंतु पुरे नाही. ज्या वाटेने उजेड येतो त्याच वाटेने ऊनही येते. ज्या वाटेने वारा येतो त्याच वाटेने धूळ, पाऊस आणि थंडीही येते. यांतील काय आत घ्यावे आणि काय बाहेर ठेवावे, याचा विचार करीत करीत मनुष्याने खिडकीला गज बसविले, जाळी बसविली, झडपा लावल्या, पडदे टांगले. आपल्याकडील सामान्य घरांत काच या सर्वांच्या मागून आली.

काचेने एक मोठी सोय केली. वारा अडवूनही उजेड घेता येतो, हे तिच्यामुळे शक्य झाले. ती नव्हती तेव्हा लोक काय करीत, याचा एक नमुना काश्मीरमधील जुन्या घरांत आढळतो. तेथील खिडक्यांना पिंजराकारी नावाची नाजूक लाकडी जाळी असे आणि हिवाळा आला की तिच्यावर कागद चिकटवीत. उजेड मंदावे, पण बोचरा वारा थांबे. काचेने हे काम कितीतरी अधिक चांगले केले. परंतु तिच्या अंगी आणखी एक गुण आहे, जो कागदाच्या अंगी फारसा नाही. ती ऊन आत सोडते आणि त्याची ऊब परत बाहेर जाऊ देत नाही. हिमालयात हे वरदान ठरते. नागपूर, अहमदाबाद किंवा चेन्नई येथे हीच गोष्ट डोकेदुखी होते.

१९९१ नंतरच्या काळात आपल्या मोठ्या शहरांतून पायथ्यापासून माथ्यापर्यंत काचेने मढविलेल्या कचेऱ्या मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या. अशा इमारतीत पंखा पुरत नाही. खिडक्या उघडत नाहीत, म्हणून वारा नाही. भिंती काचेच्या, म्हणून ऊन अडत नाही. सारा भार वातानुकूलन यंत्रावर, म्हणजे अखेरीस विजेवर पडतो. भारत सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने मार्च २०१९ मध्ये ‘इंडिया कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅन’ हा आराखडा प्रसिद्ध केला. त्या सुमारास देशातील अवघ्या आठ टक्क्यांच्या आसपास कुटुंबांकडे वातानुकूलन यंत्र होते, असे त्यात नमूद आहे. आणि २०१७-१८ च्या मानाने २०३७-३८ पर्यंत देशाची थंडाव्याची एकूण मागणी सुमारे आठपट होईल, असा अंदाजही त्यात दिला आहे. यंत्र जुने झाले की बदलता येते. भिंत आणि तिच्यातील खिडकी मात्र एकदा बांधली की दोन पिढ्या तशीच राहते. आज बसविलेली काच पन्नास वर्षे वीज मागत राहील, किंवा वाचवीत राहील.

पेटीत सापडलेले ऊन

काच उष्णता कशी कोंडते, याचा पद्धतशीर अभ्यास जिनीव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये आरंभिला. प्रथम त्याने एकात एक बसतील अशा काचेच्या पेट्या करून उन्हात ठेवल्या आणि प्रत्येकीतील तापमान मोजले. सर्वांत आतली पेटी सर्वांत तापलेली आढळली. पुढे त्याने लाकडी पेटीला आतून काळे बुचाचे अस्तर लावले, वर काचेची तीन तावदाने बसविली, आणि आतील तापमान पाणी उकळण्याच्या बिंदूच्या वर गेले. विस्तव नाही, इंधन नाही. नुसते ऊन आणि काच. याच तत्त्वाचा उपयोग करून विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबईत आरसे आणि काच यांच्या साहाय्याने अन्न शिजविले आणि १८७८ मध्ये त्यावर पुस्तकही प्रसिद्ध केले. पश्चिमेकडे मोठी काच लावलेल्या खोलीत बसून घामाघूम झालेल्या मनुष्याने हा इतिहास लक्षात ठेवावा. त्याची खोली आणि सोस्यूरची पेटी यांत तत्त्वतः भेद नाही.

याचे कारण समजण्यासाठी १८०० साली विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने केलेला प्रयोग पाहिला पाहिजे. लोलकातून सूर्यप्रकाश सोडून त्याने सप्तरंगी पट्टा पाडला आणि एकेका रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्याही पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नव्हते, तेथे पारा सर्वांत अधिक चढला. या अदृश्य किरणांना आज आपण अवरक्त किरण म्हणतो. सूर्याकडून भूपृष्ठावर येणाऱ्या ऊर्जेपैकी निम्म्याच्या आसपास भाग याच अदृश्य किरणांचा असतो. याचा अर्थ असा की, खिडकीतून येणाऱ्या उन्हातील जवळजवळ अर्धी उष्णता आपल्याला पाहण्याच्या कामी मुळीच येत नाही. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

सूर्याच्या किरणांची तरंगलांबी साधारणतः ०.३ ते २.५ मायक्रॉन असते. साधी पारदर्शक काच त्यांतील बहुतेकांना वाट देते. आत आलेले ऊन फरशीवर, भिंतीवर, सामानावर पडून शोषले जाते आणि त्या वस्तू तापतात. तापलेल्या वस्तूही किरण टाकतात, पण त्यांचे तापमान तीस-चाळीस अंशांचे असल्यामुळे ते किरण १० मायक्रॉनच्या आसपास लांबीचे असतात. या लांब तरंगांच्या दृष्टीने काच पारदर्शक नसतेच. तेथे ती जणू भिंत असते. ती हे किरण स्वतः शोषून घेते आणि त्यांचा काही भागच बाहेर टाकते. शिवाय खिडकी बंद असल्यामुळे तापलेली हवाही निघून जाऊ शकत नाही. १९०९ मध्ये रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने एका छोट्या प्रयोगाने दाखवून दिले की, काचघर तापते ते मुख्यतः हवा कोंडल्यामुळे. पाठ्यपुस्तकांत काचघराचे स्पष्टीकरण बहुधा केवळ किरणांवरून दिलेले असते, म्हणून हे येथे मुद्दाम सांगितले.

एका खिडकीचा हिशेब

खिडकीतून उष्णता दोन प्रकारांनी आत येते. पहिला प्रकार, बाहेरची हवा आतल्या हवेहून गरम असल्यामुळे काचेतून होणारी उष्णतेची झिरप. दुसरा प्रकार, प्रत्यक्ष उन्हाचा प्रवेश. पहिला मोजण्यासाठी जो अंक वापरतात त्यास उष्णतासंक्रमणांक म्हणू. आतबाहेरच्या तापमानांत एक अंश सेल्सियसचा फरक असता एक चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, हे तो सांगतो. सहा मिलिमीटर जाडीच्या एकेरी काचेसाठी तो सुमारे ५.८ असतो, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या नऊ इंची विटांच्या भिंतीसाठी सुमारे २. दुसरा प्रकार मोजणारा अंक म्हणजे सौरलाभांक. काचेवर पडलेल्या सौर उष्णतेचा किती हिस्सा अखेरीस खोलीत पोहोचतो, हे त्यावरून कळते. साध्या काचेचा सौरलाभांक ०.८२ च्या आसपास असतो. म्हणजे शंभरातील ब्याऐंशी भाग आत.

आता एक उदाहरण घेऊ. दीड मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच अशी पश्चिमेची खिडकी आहे. तिचे क्षेत्र १.८ चौरस मीटर. उन्हाळ्यातील दुपार आहे. बाहेर ४० अंश, आत यंत्राने राखलेले २६ अंश. काचेच्या दर चौरस मीटरवर ६०० वॅट ऊन पडते आहे, असे धरू. निरभ्र दिवशी पश्चिमेच्या भिंतीसाठी हा आकडा वास्तवाला धरून आहे.

झिरपणारी उष्णता: १४ अंशांचा फरक, गुणिले ५.८, गुणिले १.८, म्हणजे सुमारे १४६ वॅट. उन्हाने येणारी उष्णता: ६०० गुणिले १.८ गुणिले ०.८२, म्हणजे सुमारे ८८६ वॅट. एकूण १,०३२ वॅट. एक टनाचे म्हणून विकले जाणारे वातानुकूलन यंत्र खोलीतून दर क्षणी सुमारे ३,५०० वॅट उष्णता उपसू शकते. म्हणजे या एकट्या खिडकीने त्याची चतुर्थांशाहून अधिक शक्ती खर्ची घातली. आणि खिडकीतून आलेल्या उष्णतेत ऊन हे झिरपीच्या सहापट आहे, याकडेही लक्ष द्यावे.

युरोप-अमेरिकेत काचेच्या उपायांचा विचार झाला तो मुख्यतः झिरप थांबविण्यासाठी, कारण तेथे चिंता घरातील ऊब बाहेर जाण्याची होती. त्यांनी दुहेरी तावदान शोधले. दोन काचांमध्ये सुमारे १२ मिलिमीटरची स्थिर हवा कोंडली की संक्रमणांक ५.८ वरून २.८ वर येतो. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. हाच उपाय आपल्या पश्चिमेच्या खिडकीवर करून पाहू. झिरप निम्मी होऊन ७१ वॅट होईल. परंतु साध्या दुहेरी काचेचा सौरलाभांक ०.७० च्या आसपास असतो, तेव्हा ऊन ७५६ वॅट येतच राहील. बेरीज ८२७. खर्च दुपटीहून अधिक, लाभ मात्र एक पंचमांश. थंड देशाचे औषध उष्ण देशाच्या रोग्याला दिले की हे असे होते.

याउलट काच साधीच ठेवून खिडकीवर बाहेरून सावली केली, तर? प्रत्यक्ष ऊन अडेल. आकाशातून आणि जमिनीवरून विखुरलेला प्रकाश तेवढा येईल. तो चौरस मीटरला १५० वॅट धरला, तर त्याची उष्णता २२१ वॅट, आणि झिरप पूर्वीप्रमाणेच १४६ वॅट. बेरीज ३६७ वॅट. साध्या काचेने, केवळ सावलीच्या जोरावर, दुहेरी तावदानाच्या निम्म्याहूनही कमी उष्णता आत आली.

आधी सावली

हा धडा एका विख्यात वास्तुशिल्पज्ञाला स्वतःच्या इमारतीवरूनच शिकावा लागला. ल कॉर्ब्युझिए याने पॅरिसमध्ये साल्व्हेशन आर्मी या सेवासंस्थेसाठी निराश्रितांचे वसतिगृह बांधले. ते १९३३ च्या डिसेंबरमध्ये उघडले. त्याची दक्षिणेची संपूर्ण बाजू काचेची आणि न उघडणारी होती. दुहेरी काचभिंत करून तिच्यातून गरम वा गार हवा खेळवावी, अशी मूळ कल्पना होती. परंतु पैशांअभावी एकेरी काचेवर भागवावे लागले आणि थंडाव्याची यंत्रणाही वगळली गेली. हिवाळा सुखात गेला. उन्हाळा आला तसे आतील रहिवाशांचे हाल सुरू झाले आणि अखेर त्या अखंड काचेत उघडत्या खिडक्या बसवाव्या लागल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर दुरुस्तीच्या वेळी त्या काचेपुढे काँक्रीटचे ऊनरोधक पाखे उभारण्यात आले.

तोच ल कॉर्ब्युझिए पुढे भारतात आला. अहमदाबादच्या गिरणीमालक संघाची १९५४ मध्ये पूर्ण झालेली त्याची इमारत आजही साबरमतीच्या काठी पाहावयास मिळते. तिच्या पूर्व आणि पश्चिम दोन्ही बाजूंस काँक्रीटचे खोल पाखे आहेत, पण ते सारखे नाहीत. नदीकडील पूर्व बाजूचे पाखे भिंतीशी काटकोनात सरळ आहेत, म्हणून नदीवरचा वारा मोकळा येतो. रस्त्याकडील पश्चिम बाजूचे पाखे तिरके वळविलेले आहेत, म्हणून दुपारनंतरचे ऊन त्यांच्यावरच थांबते.

दिशेप्रमाणे सावलीचा आकार का बदलावा लागतो, हे सूर्याच्या उंचीवरून समजते. दिल्लीत २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जवळजवळ ८५ अंश उंच असतो. २२ डिसेंबरला अवघा ३८ अंश. आता दक्षिणेच्या १.२ मीटर उंच खिडकीवर ६० सेंटिमीटर पुढे आलेला छज्जा आहे, असे समजू. जूनमधील मध्यान्ही त्याची सावली साडेसहा मीटर खाली पोहोचते. खिडकी पूर्ण झाकली जाते. मार्च आणि सप्टेंबरमध्ये ती १.१ मीटर, म्हणजे बहुतेक सारी खिडकी झाकण्याइतकी असते. डिसेंबरमध्ये मात्र ती ४७ सेंटिमीटरच उतरते आणि उरलेल्या खिडकीतून थंडीच्या दिवसांतले हवेहवेसे ऊन आत येते. एक न हलणारा दगडी पाट ऋतूप्रमाणे ऊन घेतो आणि नाकारतो. त्याला वीज लागत नाही आणि त्याची चावीही हरवत नाही.

पूर्व आणि पश्चिम दिशांना ही युक्ती चालत नाही. तेथे सूर्य समोरून, बसक्या कोनातून येतो. छज्जा कितीही पुढे काढला तरी त्याच्या खालून ऊन आत शिरते. म्हणून तेथे उभे पाखे, झडपा, जाळी किंवा खोल व्हरांडा लागतो. आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्या बाजूंस खिडक्या मोजक्याच ठेवणे. मुंबईत हे सांगणे कठीण जाते. तेथे समुद्र पश्चिमेस, वारा पश्चिमेचा, आणि देखावाही पश्चिमेचाच. परंतु ऊन आणि पाऊस यांचा माराही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर चारी बाजूंच्या व्हरांड्याचा उतारा काढला होता. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबईतील कांचनजंगा या उत्तुंग इमारतीत तोच व्हरांडा, दोन मजले उंचीच्या कोपऱ्यातील सज्जाच्या रूपाने, वर आकाशात नेला. राहण्याच्या खोल्या त्याच्या आड बसल्या.

पडद्याविषयीही येथेच सांगावयास हवे. खोलीच्या आत, काचेच्या मागे लावलेला पडदा डोळ्यांवरची तिरीप थांबवितो. उष्णतेस मात्र फारसा अटकाव करीत नाही. ऊन काचेतून आत येऊन चुकलेले असते. ते पडद्यावर शोषले जाते आणि पडद्याची ऊब खोलीतच राहते. तोच पडदा काचेच्या बाहेर टांगला तर त्याची ऊब वाऱ्याबरोबर निघून जाते. बाहेरून सोडलेली बांबूची चिक आणि वाळ्याची पाणी शिंपडलेली ताटी या दोन्ही जुन्या वस्तू शास्त्राच्या दृष्टीने योग्य जागी होत्या.

निवडक काच

सावली करणे प्रत्येक ठिकाणी शक्य नसते. पंचविसाव्या मजल्यावर चिक टांगता येत नाही. तेथे काचेतच सुधारणा करावी लागते.

पहिली सुधारणा रंगाची. काचेत लोहादिकांची संयुगे मिसळून ती हिरवट, करडी किंवा तपकिरी केली की ती काही ऊन शोषते. परंतु शोषलेले ऊन नाहीसे होत नाही. काच स्वतः तापते आणि जवळ बसलेल्याला तिची धग लागते. तो मनुष्य मग यंत्राचे तापमान आणखी खाली उतरवितो. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या म्हणण्याप्रमाणे यंत्राचे तापमान एक अंशाने वाढविले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. उतरविले तर अर्थातच तेवढीच अधिक लागते. आरशासारखी चकाकणारी काच ऊन परतविते हे खरे, पण उजेडही परतविते. आत भरदिवसा दिवे लावावे लागतात, आणि परतविलेले ऊन समोरच्या घरात जाते, ते निराळेच.

यापेक्षा चतुर उपाय हर्शेलच्या पट्ट्यात दडलेला होता. उन्हातील दृश्य भाग आत घ्यावा आणि अदृश्य भाग बाहेरच परतवावा, असे करता आले तर उजेड मिळेल आणि उष्णता निम्मी होईल. चांदीचा अत्यंत पातळ थर हे काम करतो. त्याची जाडी सुमारे १० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा एक लाखांश भाग असते. इतका पातळ थर डोळ्यांस पारदर्शक भासतो, पण अवरक्त किरणांना तो आरसा होतो. चांदी हवेने काळवंडते. म्हणून असा थर बहुधा दुहेरी तावदानाच्या आतील, बंद पोकळीकडच्या पृष्ठावर चढवितात. पोकळीत हवेऐवजी आर्गॉन वायू भरला तर झिरप आणखी कमी होते. साधी काच आपल्यावर पडलेले लांब तरंगांचे किरण बहुतांशी शोषते व तितक्याच जोमाने उत्सर्जित करते. चांदीचा थर चढविलेले पृष्ठ त्याचा दहावा हिस्साही उत्सर्जित करीत नाही. म्हणून या काचेस अल्पउत्सर्जी काच म्हणतात.

अशा काचेचा सौरलाभांक ०.२७ आणि संक्रमणांक ३ धरून पूर्वीचाच हिशेब मांडला, तर उन्हाचे २९२ आणि झिरपीचे ७६, मिळून ३६८ वॅट येतात. साधी काच आणि सावली यांची बेरीज ३६७ होती, हे वाचकास आठवत असेल. प्रगत रसायनशाळेतून आलेली काच आणि गवंड्याने बांधलेला पाखा, दोघेही एकाच ठिकाणी येऊन पोहोचले! दोन्ही एकत्र योजिले तर आकडा १४९ वर येतो.

चौकटीकडे मात्र बहुधा कोणी पाहत नाही. अ‍ॅल्युमिनियम हे लाकडाच्या हजारपटीहून अधिक सुलभतेने उष्णता वाहून नेते. उत्तम काच घेऊन ती साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत बसविणे म्हणजे घट्ट झाकणाच्या भांड्याला बुडाशी भोक ठेवण्यासारखे आहे.

जेथे ऊन हवे असते

आतापर्यंतचे सारे विवेचन लडाखमध्ये उलटे वाचावे लागते. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तेथील हिवाळ्यात रात्रीचा पारा शून्याखाली फार खोल जातो, पण दिवसा आकाश स्वच्छ आणि ऊन कडक असते. लेहजवळील फे गावच्या सेकमोल या शिक्षणसंस्थेच्या मातीच्या इमारती दक्षिणेस काचा लावून तोंड करून उभ्या आहेत. दिवसभर आलेले ऊन जाड भिंती आणि जमीन साठवून ठेवतात. त्या प्रदेशात ट्रोंब भिंतही बांधतात. काळी रंगविलेली जाड भिंत, तिच्यापुढे थोडी जागा सोडून काच. भिंत दिवसा तापते आणि तिची ऊब रात्री हळूहळू खोलीत उतरते. एडवर्ड मोर्स या अमेरिकनाने अशा योजनेचे एकस्व १८८१ मध्ये घेतले होते. फ्रान्समधील फेलिक्स ट्रोंब याने १९६७ मध्ये ओदेयो येथे तसे घर बांधून तिला प्रसिद्धी दिली. येथे दुहेरी काच आपली खरी किंमत वसूल करते, कारण रात्रभर आत-बाहेर तीस-चाळीस अंशांचा फरक असू शकतो. सौरलाभांक मात्र मोठाच हवा. हैदराबादसाठी निवडलेली काच लेहला नेली तर ती तेथील घर गार करील.

उजेडाचा हिशेबही काळाप्रमाणे बदलला आहे. तारेचा जुना दिवा एका वॅटमागे १५ ल्यूमेनच्या आसपास प्रकाश देई. सूर्यप्रकाश सुमारे १०० ल्यूमेन देतो. म्हणजे खिडकीतला उजेड दिव्यापेक्षा कितीतरी ‘थंड’ होता. आजचा एलईडी दिवा याबाबतीत सूर्यप्रकाशाच्या तोडीस आला आहे. म्हणून केवळ उजेडाच्या नावावर काचेची संपूर्ण भिंत मागणे आता पूर्वीइतकेही समर्थनीय उरलेले नाही. वाजवी आकाराच्या खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड मात्र फुकट असतो आणि डोळ्यांस सुखाचा असतो. तेवढा सोडण्याचे कारण नाही.

नियम आणि बिल

२००१ च्या ऊर्जा संधारण कायद्यान्वये स्थापन झालेल्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने व्यापारी इमारतींसाठी २००७ मध्ये पहिली संहिता काढली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. २०१७ च्या संहितेच्या सर्वसाधारण मार्गात खिडक्यांचे क्षेत्र भिंतीच्या ४० टक्क्यांहून अधिक नसावे, आणि थंड प्रदेश वगळता उत्तरेखेरीज इतर दिशांच्या काचेचा सौरलाभांक ०.२७ हून अधिक नसावा, अशी मर्यादा घातली होती. बाहेरील सावलीचा लाभ हिशेबात धरण्याची मुभाही तीत होती. राहत्या घरांसाठी डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको-निवास संहिता’ आली. तिने थंड प्रदेशाखेरीज इतरत्र भिंती आणि खिडक्या मिळून बाहेरील आवरणाच्या दर चौरस मीटरमधून सरासरी १५ वॅटहून अधिक उष्णता आत येऊ नये, असे ठरविले. आणि उघडणाऱ्या खिडक्यांचे किमान क्षेत्रही सांगितले. उष्ण-दमट प्रदेशात ते जमिनीच्या एक षष्ठांश, थंड प्रदेशात एक द्वादशांश. मुंबई-कोलकात्याच्या हवेत वारा हाच पहिला उपाय आहे, हे यात मान्य केलेले दिसते. सरकत्या खिडक्यांची निम्मी बाजू नेहमीच बंद राहते, हे मोजताना विसरू नये.

अशा संहिता प्रत्येक राज्याने आपापल्या परिस्थितीनुसार स्वीकारावयाच्या असतात, म्हणून त्यांची अंमलबजावणी सर्वत्र सारखी नाही. खरी अडचण निराळीच आहे. काच निवडतो तो बांधणारा. तिचे बिल भरतो तो राहणारा. बांधणाऱ्याने छज्जा वगळला तर त्याचे पैसे वाचतात, आणि पुढील पन्नास वर्षे दर महिन्याला दुसराच कोणी ते चुकविता राहतो. घर घेणारा मनुष्य फरशीचा रंग आणि नळांची बनावट पाहतो. पश्चिमेच्या खिडकीवर सावली आहे की नाही, हे तो क्वचितच विचारतो.

शाळेत हे सर्व पडताळून पाहणे अवघड नाही. पुठ्ठ्याच्या दोन सारख्या पेट्या घ्याव्यात, त्यांना आतून काळा कागद लावावा आणि प्रत्येकीच्या एका बाजूस सारख्या मापाची काच बसवावी. आत एकेक तापमापक ठेवावा, पण त्यावर ऊन पडू नये म्हणून पुठ्ठ्याचा आडोसा करावा. एका पेटीत काचेच्या आतून पांढऱ्या कापडाचा पडदा लावावा. दुसरीत तोच पडदा काचेच्या बाहेर, बोटभर अंतर राखून टांगावा. दोन्ही पेट्यांच्या काचा सूर्याकडे करून दर पाच मिनिटांनी तापमान लिहून घ्यावे. अर्ध्या तासानंतर पडद्यांची अदलाबदल करावी आणि कोणत्या पेटीतील पारा चढतो, ते पाहावे.